अनामत परत आली, तेव्हाच कळायला हवं होतं

म्हाडाच्या तीन सोडतींत नाव लागलं नाही आणि चौथ्या वेळी मी एजंट गाठला. खरं तर त्यानेच मला गाठलं. ऑफिसातल्या एकाच्या भावकीतला, बोलायला मऊ. पहिल्या भेटीत पैशाचं नावही काढलं नाही, फक्त कागद मागितले: आधार, पॅन, अधिवास दाखला, दोघांच्या उत्पन्नाचे पुरावे, एक सही करून रद्द केलेला चेक. आमचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ऐकून लगेच म्हणाला, "सहा ते नऊ लाख म्हणजे मुंबईत अल्प गट." हे बरोबरच होतं, त्यामुळे पुढचंही बरोबर वाटलं.

पुढचं असं होतं की सोडत लागलेल्या काहींना बँक कर्ज देत नाही, मग ते घर परत करतात. इथपर्यंतही खरं आहे. पण "ती घरं आतल्या आत वाटतात, फॉर्म भरून फक्त अनामत अडकते," ही त्याने लावलेली पुस्ती. तरी फॉर्म भरायला लावलाच. ऑनलाइन भरला, माझ्याच खात्यातून अनामत गेली. सोडतीत नाव नाही. काही दिवसांनी अनामत परत जमा झाल्याचा मेसेज आला. मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "भाऊ, ती सिस्टीमची रीत आहे. तुमची फाइल वेगळ्या टेबलावर आहे." घर मिळणार असेल तर अनामत परत कशाला येईल? हा प्रश्न मला पडला होता, पण मी तो गिळला.

नंतर त्याने घर दाखवलं. गोरेगावच्या बाजूला नवी इमारत, सातवा मजला, दारावर प्लॅस्टिक तसंच. हिने पदर लावून खिडकी मोजली, साडेतीन पदर झाला की चार यावर आमची थोडी हुज्जतही झाली. त्या पाच मिनिटांत आम्ही भुललो. चावी कुठून आणली, हे मी विचारलं नाही.

आधी "फाइल उघडायचे" एकवीस हजार, तेही तिसऱ्याच कुणाच्या खात्यावर. मग तीन लाख रोख, "वरच्या साहेबांचे". भिशी आणि पीएफ, दोन्ही त्यात गेले. बदल्यात देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र मिळालं, शिक्का आणि सही असलेलं. त्यातला अर्ज क्रमांक मी नीट वाचलाच नाही.

तो वाचला वांद्र्याला म्हाडाच्या कार्यालयात, गृहनिर्माण भवनात, खिडकीपलीकडच्या बाईंनी. क्रमांक स्क्रीनवर टाकला आणि म्हणाल्या, "हा अर्ज अयशस्वी आहे, अनामत परत गेलीये. तुमचाच आहे ना?" माझाच होता. पत्र त्यांनी उजेडात धरलं आणि काही न बोलता परत सरकवलं. मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना होती की म्हाडाने कुणीही एजंट, दलाल नेमलेला नाही. सोडतीच्या जाहिरातीतही हे दर वेळी असतं. आपण जाहिरातीत फक्त घरांची संख्या आणि किंमत वाचतो.

आणखी एक गोष्ट जिव्हारी लागली. विरार-बोळिंजला म्हाडाच्याच कोकण मंडळाची न विकली गेलेली घरं होती. प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य, अर्ज थेट वेबसाइटवर. लांब पडतं म्हणून मी तिकडे पाहिलंही नव्हतं. जे घर सरळ मार्गाने मिळू शकत होतं ते सोडून मी वशिल्याला पैसे मोजले.

पोलिसांनी तक्रार घेतली. रोख रकमेचा पुरावा विचारला, तो नाही. एकवीस हजारांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा महिने उलटले होते आणि त्या खात्यात काही उरलं नव्हतं. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. एजंटचा मोबाइल बंद, ऑफिसातला तो सहकारी म्हणतो, "आमचं बोलणंच नाही हल्ली."

पैशांचं दुःख आहेच. पण आमचे आधार, पॅन आणि सही केलेला तो चेक अजून एजंटकडेच आहेत. बँकेत जाऊन चेकबुक बदललं. पॅनवर कुणी कर्ज काढलंय का, हे आता मी दर महिन्याला तपासतो.