चिकट राड्याला काय म्हणावं : 'गू' की 'गंक'?

ग्लू, गम, ॲडहेसिव्ह हे जोडकामाचे शब्द, त्यांचा इथे संबंध नाही. बोटाला लागतं, ओढलं की तार सुटते आणि हे नेमकं आहे काय ते सांगता येत नाही, अशा ऐवजाचा हा प्रश्न आहे. इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द हाताशी असतात : जी-ओ-ओ 'गू' आणि 'गंक'. दोन्ही बोलीतले, दोन्ही अमेरिकेतले. दुरुस्तीच्या माहितीपुस्तिका मी मराठीत आणतो, अधूनमधून त्यावर बोलतोही. त्यामुळे दोन्ही वापरून झालेत.

अर्थाच्या बाजूने पाहिलं तर 'गू' जास्त ऐसपैस आहे. त्यात शिवी नाही. वितळलेलं, लिबलिबीत, बुळबुळीत असं काहीही त्यात मावतं; मुलं हौसेने हातात घेऊन ताणतात तेही. अतिगोड भावुकपणालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. 'गंक' मात्र कायम नकोसा. तो साचलेला असतो, त्यात तेल, धूळ, केस असं सगळं मिसळलेलं असतं. कीबोर्डच्या बटणांखाली गंक, सायकलच्या साखळीत गंक, सकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यात येतात त्या चिपडांनाही गंकच. माझा ढोबळ ठोकताळा असा, की पदार्थ मुद्दाम तयार केला असेल तर बहुधा 'गू' आणि खरवडून काढायचा असेल तर बहुधा 'गंक'. अपवाद भरपूर आहेत. लेबल सोलल्यावर उरणाऱ्या चिकट्याला इंग्रजीत सर्रास 'गू' म्हणतात, आणि तो तर काढायचाच असतो.

इथवर वाचून कुणी 'गू' निवडला, तर मी नाव ठेवणार नाही. इंग्रजीत लिहायचं असेल तर तोच घ्या, असंही म्हणेन.

पण मराठी बोलताना काय होतं, ते मी भोगलंय. प्रिंटरवर बोलत होतो, समोर तीसेक माणसं. ओघात तोंडून गेलं, "आधी रोलरवरचा गू पुसून घ्या, मग कागद लावा." पुढची पाच मिनिटं कागद कुणीच लावला नाही. त्यानंतर प्रश्न विचारणारेसुद्धा "ते... ते जे रोलरवर असतं ना" असं चाचरत बोलायला लागले. विषय रोलरचा होता, घरी घेऊन गेले ते वेगळंच.

मी हटवादीपणे पळवाटा शोधल्या. उच्चार लांबवून 'गूऽ' केला, तर ते आणखी वाईट ऐकू आलं. ऱ्हस्व लिहावा म्हटलं, तर आपल्या नियमानुसार शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घच. लिंग बदलून 'ते गू' लिहून पाहिलं; वाचणाऱ्याला वाटलं, भाषांतरकाराला मराठी येत नाही. इंग्रजी उच्चार आणि आपला शब्द यांत केसाएवढंही अंतर नाही, त्यामुळे डागडुजीला जागाच उरत नाही. विशेषण केलं तर 'गूई'. संगणकवाले ग्राफिकल युजर इंटरफेसच्या, म्हणजे चित्रं-बटणांनी चालवायच्या पडद्याच्या, आद्याक्षरांचाही उच्चार असाच करतात. मी तिथे जी-यू-आय अशी तिन्ही अक्षरं सुटी म्हणतो आणि सुटतो.

'गंक'ची अशी अडचण नाही. नाकातून जाऊन घशात अडकणारा तो उच्चारच मुळी अडकलेल्या घाणीसारखा वाटतो. मळ, गाळ यांच्या पंगतीत 'तो गंक' सहज बसतो. शिवाय त्याची गोष्ट मजेशीर आहे. 'गंक' हे आधी घाणीचं नावच नव्हतं. १९३२ सालच्या सुमारास अमेरिकेत त्या नावाचा एक दाट, द्रव साबण निघाला, वंगणाचा मळ काढणारा. त्याच्यावरून हा शब्द चिकट घाणीला चिकटला असं मानतात. म्हणजे साबण ज्या मळाला काढायला आला, त्यालाच आपलं नाव देऊन बसला.

तक्रारी आहेत. 'गंक' अजून सगळ्यांना ठाऊक नाही. पहिल्यांदा वापरताना मला "म्हणजे चिकट मळ" असं जोडावंच लागतं. 'किटण' असताना गंक कशाला, असंही एका ज्येष्ठ स्नेह्यांनी ऐकवलं. बरोबर आहे, साखळीवर किटणच लिहावं. पण किटण म्हटलं की काळं, तेलकट, चढलेलं असं काही डोळ्यांपुढे येतं. जुन्या उपकरणातलं रबर विरघळून जो ओला चिकचिकाट होतो, त्याला किटण म्हणवत नाही. गंक म्हणवतं.

काही ठिकाणी मात्र 'गू'ला पर्याय नाही. स्वतःच्या प्रती काढत सुटलेली अतिसूक्ष्म यंत्रं सगळी सृष्टी गिळून टाकतील, या कल्पनेला अमेरिकी अभियंते एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ साली 'ग्रे गू' म्हटलं. तो ठरून गेलेला शब्दप्रयोग आहे, तिथे गंक घालता येत नाही. असा मजकूर आला की मी 'करडा राडा' लिहितो आणि मूळ शब्द एकदाच, अवतरणात देतो.

आता उरतो तो लेबलचा चिकटा काढणाऱ्या एका द्रावणाचा प्रश्न. त्याचं नावच 'गू गॉन' आहे. चांगलं काम करतं, मी वापरतो. बोलताना त्याची वेळ आली की बाटली उचलून लोकांकडे वळवतो आणि ज्याचं त्याला वाचू देतो.