बारा कप्प्यांची फाइल, एक रोजमेळ आणि पोलिसाचा पगार

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात चेकबुकाच्या आकाराची, बारा कप्प्यांची प्लास्टिकची फाइल साधारण दीडशे ते अडीचशे रुपयांना मिळते. सोबत शंभर पानी रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, घ्यायची. एका खर्चाला एक कप्पा. महिन्याचा खर्च आखून त्या आखणीत राहायचं असेल, तर पोलीस खात्यातल्या माणसाला मोबाइलवरच्या ॲपपेक्षा ही जोडी जास्त टिकते. ॲप आणि गूगल शीट दोन्हींशी ताडून हे लिहितोय. फाइलीचे तोटेही आहेत, तेही येतील.

आधी खरेदी. दुकानदार ए-फोर आकाराची फाइल पुढे करतो. ती नको. महिन्याभरात तिच्यात मिक्सरचं वॉरंटी कार्ड, पोरांचे दाखले आणि जुनी लाइटबिलं जाऊन बसतात. ‘चेक साइज’ म्हणून मागा. दोरीच्या इलास्टिकची नको, वर्षाच्या आत ते सैल पडतं, बटणाची घ्या. पुठ्ठ्याची तर नकोच, पोलीस लाइनीतल्या ओल धरणाऱ्या भिंतीला लागून ती जुलैत फुगते. तळाच्या कोपऱ्यात कप्प्यांची जोडणी उसवते, म्हणून नाणी आत टाकायची नाहीत. सोबत येणारे स्टिकर गळून पडतात, तेव्हा कप्प्याच्या कडेवर खर्चाचं नाव मार्करनेच लिहा. नाव बदलायचं झालं तर सॅनिटायझरच्या दोन थेंबांत पुसलं जातं.

पण फाइल उघडायच्या आधी पगाराची स्लिप उघडावी लागते. सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते. घरात बोललं जातं ते या सगळ्याच्या बेरजेबद्दल, आणि तिथेच आखणी फसते. सेवार्थ या सरकारी वेतनप्रणालीच्या स्लिपमधली कपातीची बाजू रोजमेळाच्या पहिल्या पानावर ओळीने उतरवा: १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांची मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्क्यांची पेन्शन कपात, आधीच्यांचा भविष्य निर्वाह निधी, गटविमा, व्यवसाय कर (महिना २००, फेब्रुवारीत ३००), सोसायटीचा, म्हणजे पोलीस पतसंस्थेचा, हप्ता. सोसायटीचं कर्ज पगारातूनच परस्पर जातं, त्यामुळे ते कर्ज आहे हेच दोन वर्षांत विसरायला होतं आणि माणूस दुसऱ्या हप्त्यावर मोबाइल घेतो. हप्ता किती आणि शेवटचा कधी, हे दोन्ही लिहा.

लाइनीतल्या सरकारी घरात राहणाऱ्याला घरभाडे भत्ता नसतो. धायरी-मांजरीकडे स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलं की तो सुरू होतो, पण गृहकर्ज, मेंटेनन्स आणि वाढलेलं पेट्रोल त्याला पुरून उरतं. दोन्ही घरांचा हिशेब वेगळा आहे. खालचं उदाहरण लाइनीतल्या, दोन मुलं असलेल्या घराचं आहे, हातात ४६,००० धरून.

किराणा-भाजी-दूध ११,०००. लाइट, गॅस, मोबाइल, नेट ३,२००. पेट्रोल आणि गाडी ३,५००. शाळा-क्लास ६,०००. गावी आई-वडिलांना ४,०००. बंदोबस्तावरचा खर्च २,०००. औषधपाणी १,५००. गणवेश-बूट ५००. सणवार आणि आहेर २,०००. पगारातून न कापले जाणारे हप्ते ५,३००. बचत ५,०००. हातखर्च २,०००. बेरीज ४६,०००, कप्पे बरोबर बारा. भिशी असेल तर ती बचतीतून भरा. तिला तेरावा कप्पा दिला की ती जास्तीची वाटते आणि बचत तशीच राहते.

बारा कप्प्यांत बारा गठ्ठे नोटा ठेवायच्या नाहीत. रोख फक्त चारांत: भाजी-दूध, सणवार, हातखर्च आणि थोडी औषधांची. बाकी आठांत एकेक चिठ्ठी, तिच्यावर तारीख आणि शिल्लक; पैसे बँकेतच. त्यासाठी पगाराच्या खात्याशिवाय दुसरं साधं बचत खातं लागतं. पगार झाला त्याच दिवशी शाळा, गणवेश आणि बचत यांचे ११,५०० तिकडे वळवायचे आणि त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही. ही एक पायरी गाळली तर फाइल नुसती शोभेची राहते. फाइल घरातल्या कपाटात. चौकीतल्या लॉकरमध्ये नाही, आणि रोकड खिशात घेऊन नाक्यावर उभं राहणं तर पोलिसाला कधीच नको, ते का ते सांगायला नको.

कप्पे दोन जातीचे असतात, आणि बहुतेकांची आखणी इथेच कोसळते. किराणा, पेट्रोल, हातखर्च यांतली शिल्लक महिनाअखेर बचतीत टाकून कप्पा रिकामा करायचा. बंदोबस्त, शाळा, गणवेश, औषध, आहेर यांतली शिल्लक मात्र हलवायची नाही. मार्चमध्ये बंदोबस्ताच्या कप्प्यात हजार उरले म्हणून कोणी पोरांना हॉटेलात नेलं, तर ते पैसे ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की कमी पडतात. मग गणपती. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेवढा वेळ चहा, वडापाव, पाण्याच्या बाटल्या, रिक्षा. पुढे नवरात्र, ३१ डिसेंबर आणि लगेच १ जानेवारीला पेरणे फाट्यावर कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाचा बंदोबस्त. वर्षाचे २४,००० बारा महिने सारखे भरायचे, खर्च मात्र चार महिन्यांत व्हायचा, अशी या कप्प्याची चाल आहे. बाहेरगावच्या बंदोबस्ताचं प्रवासभत्त्याचं बिल पास होईल तेव्हा त्याच कप्प्यात परत. हातात पडेपर्यंत ते जमेला धरायचं नाही.

बंदोबस्तावर रोख नको आणि पगाराच्या खात्यातून दहा-वीस रुपयांचे शंभर व्यवहारही नकोत. इथे यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलं आधी पैसे भरून ठेवायचं छोटं पाकीट, कामाला येतं. एका वेळी १,००० आणि लाइटमध्ये एकूण ५,००० अशी मर्यादा आहे, पिन लागत नाही. एका खेपेला ५०० भरा आणि आपोआप भरणा होण्याची सोय बंद करा. ती चालू राहिली तर संपलेला कप्पा गुपचूप पुन्हा भरत राहतो, म्हणजे कप्पा नसल्यातच जमा.

ॲप मागे पडतं तेही इथेच. बँकेचे एसएमएस वाचून खर्च आपोआप मांडणारी ॲप दिसायला छान असतात, पण लाइटमधून गेलेल्या प्रत्येक चहाचा एसएमएस बँकेकडून येत नाही. ॲपला दिसतात फक्त भरलेले ५००, आणि ते ‘ट्रान्सफर’ म्हणून कोपऱ्यात पडून राहतात. शिवाय ते ॲप सगळे एसएमएस वाचतं, ओटीपीसकट. ज्या फोनवर खात्याचे ग्रुप आणि कामाचे निरोप येतात, त्या फोनला ही परवानगी देऊ नये असं स्पष्ट मत आहे. गूगल शीट वर्षाच्या आढाव्याला उत्तम, नवरा-बायकोला एकाच वेळी दिसते, फुकट आहे. रोजच्या नोंदीला मात्र रात्री दीडला नाकाबंदीवरून आलेला माणूस मोबाइलवर चौकटी भरत बसणार नाही.

रोजमेळात डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली शिल्लक. ज्याची उभी नोकरी स्टेशन डायरीत नोंदी घेण्यात जाते, त्याला हे शिकवायचं नसतं. तरीही सलग बंदोबस्तात चार दिवस नोंद चुकतेच. तेव्हा चार दिवसांचे चहा आठवत बसू नका. चिठ्ठीवरची जुनी शिल्लक वजा आत्ताची शिल्लक, जो फरक येईल तो ‘बंदोबस्त, चार दिवस’ अशा एका ओळीत टाका आणि पुढे चला. एक एक रुपया जुळवायच्या हट्टाने वही दुसऱ्या महिन्यात बंद पडते.

भाजी-दुधाचं वाटप आठवड्यावर करावं, पण चार सारखे भाग करू नयेत. ११,००० पैकी ४,००० महिन्याच्या किराण्याला जातात, उरतात ७,०००. तारखा १, ८, १५ आणि २२ धरल्या तर शेवटचा टप्पा नऊ-दहा दिवसांचा होतो. म्हणून १,६०० तीनदा आणि शेवटी २,२००. सारखे १,७५० केले तर २८ तारखेला बचतीच्या कप्प्याला हात लागतो. पोलीस कॅन्टीनचा माल स्वस्त पडतो हे खरं, पण यादी न करता गेलं तर बचतीपेक्षा जास्त साबण आणि शाम्पू घरी येतात. कॅन्टीनचा खर्च किराण्याच्याच ४,००० मध्ये बसवायचा.

फाइलीला न झेपणाऱ्या गोष्टी तीन. सण अग्रिम घेतला की तो बिनव्याजी असला तरी पुढचे काही महिने हातात कमी येतं, आणि पहिल्या पानावरचा ४६,००० चा आकडा खोटा ठरतो. अग्रिम घेतला त्याच दिवशी नवं पान करून सगळ्या कप्प्यांचे आकडे बदलावे लागतात. सहसा हातखर्च आणि सणवार यांतूनच हप्ता काढावा लागतो. दुसरं, आयकर. जुन्या करपद्धतीत राहून गुंतवणुकीचे पुरावे वेळेत दिले नाहीत तर जानेवारी-फेब्रुवारीच्या पगारातून एकदम कपात होते. नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे शिपाई-हवालदारांपैकी बहुतेकांचा हा प्रश्न मिटतो, पण कुठली पद्धत निवडली आहे ते कारकुनाकडे एकदा पाहून घ्या. तिसरं, महागाई भत्त्याचा फरक, म्हणजे वाढलेल्या भत्त्याची मागची थकबाकी. तो कप्प्यांत वाटायचा नाही. अर्धा सर्वांत महागड्या व्याजाच्या कर्जावर, अर्धा बचतीच्या खात्यात.

दोघंही पोलीस दलात असतील आणि पाळ्या उलटसुलट असतील, तर फाइल एकच ठेवा आणि चिठ्ठीवर शिल्लक बदलणाऱ्याने आद्याक्षर टाकायचं. एका घरात दोन फायली झाल्या की दोघांच्याही सणवाराच्या कप्प्यातून एकाच लग्नाचा आहेर जातो.

पाचपैकी गुण द्यायचे तर फाइलीला चार. एक कापला तो बटणासाठी. रोज उघडझाप झाली की वर्षा-दीड वर्षात ते धरत नाही. नवी घ्यायची असेल तर मार्चमध्ये घ्या. जूनमध्ये चौकात वह्या-पुस्तकांची झुंबड असते, गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि चेक साइज संपलेली असते.