टाकीत क्रेफिश, तळ्यात झिंगा: नागपूरकरांसाठी तुलनात्मक आढावा

नागपुरातील शोभिवंत माशांच्या दुकानांत ‘ब्लू लॉबस्टर’ म्हणून जो प्राणी मिळतो, तो लॉबस्टर नसून क्रेफिश असतो. खरा लॉबस्टर खाऱ्या पाण्याचा, तर क्रेफिश गोड्या. भारतातील एकाही नदीत क्रेफिश मूळचा नाही. उत्तर अमेरिका, युरोप, पूर्व आशियाचा काही भाग, ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेचा दक्षिण भाग ही त्याची घरे आहेत, म्हणजे येथे दिसणारा प्रत्येक क्रेफिश कोणीतरी आणलेला असतो, आणि तो तळ्यानाल्यात सुटून वाढू लागला तर उपद्रव ठरू शकतो. म्हणूनच तो घ्यायचा की नाही, आणि घ्यायचा तर कोणता, हे ठरवताना रंग आणि किंमत यांच्याआधी त्याचे प्रजनन पाहावे, असे माझे मत आहे.

आधी ओळख. आपल्या ओळखीच्या गोड्या पाण्यातील झिंग्याचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते, कपाळावर लांब दातेरी करवत असते आणि पायांच्या पहिल्या दोन जोड्यांनाच चिमटे असतात; महाझिंग्याच्या, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीच्या, नराची दुसरी जोडी लांब आणि निळी होते. क्रेफिशचे अंग गोलसर, कवच जाड, आणि चिमटे पहिल्या तीन जोड्यांना असतात, त्यांपैकी सर्वांत पुढची जोडी म्हणजे त्या भरदार नांग्या. झिंगा पोटाखालच्या पात्या हलवत पुढे पोहतो, तर क्रेफिश तळावर चालतो आणि घाबरला की शेपटी आपटून मागे उडतो. पाय मोजायला धीर नसेल, तर एवढी चाल पाहिली तरी पुरते.

खरा फरक अंड्यांत आहे. दोन्हींच्या माद्या अंडी पोटाखाली बाळगतात, पण महाझिंग्याच्या अंड्यातून निघणारी अळी ११ अवस्थांतून जाते आणि त्यासाठी तिला मचूळ पाणी लागते. समुद्र नागपूरपासून शेकडो किलोमीटर दूर असल्याने शेततळ्यातील झिंगा वाढतो, पण त्याची पुढची पिढी तेथे उभी राहत नाही आणि दर हंगामाला बीज बाहेरून आणावे लागते. शेतकऱ्याला हा खर्च वाटतो; तळ्याच्या दृष्टीने मात्र ते कुंपण आहे, कारण झिंगा तेथे आपोआप पसरू शकत नाही. क्रेफिशच्या अंड्यातून थेट छोटा क्रेफिश निघतो, काही दिवस आईला चिकटून राहतो आणि मग त्याच गोड्या पाण्यात स्वतंत्र होतो.

या बाबतीत सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे संगमरवरी क्रेफिश, प्रोकॅम्बॅरस व्हर्जिनॅलिस. १९९० च्या दशकात तो जर्मनीतील हौशी पालकांच्या टाक्यांत प्रथम लक्षात आला. या जातीत नर नाहीत. प्रत्येक मादी नराविना अंडी देते आणि पिल्ले तिच्याच प्रतिकृती असतात. मी स्वतः एका दुकानातून ‘एकच घ्या, एकटा राहतो’ या आश्वासनावर तपकिरी ठिपक्यांचा एक क्रेफिश आणला होता. काही महिन्यांनी त्याने शेपटी पोटाखाली घट्ट दुमडली; उलटा करून पाहिले, तर काळसर अंड्यांचा घोस लोंबत होता. विकणाऱ्याला जात ठाऊक नव्हती, आणि विचारण्याचे मलाही सुचले नव्हते.

लाल दलदली क्रेफिश, प्रोकॅम्बॅरस क्लार्की, अमेरिकेच्या दक्षिणेकडील पाणथळींतला. त्याच्या नांग्यांवर पुरळ उठल्यासारखे दाणे असतात आणि पाठीवरील दोन वक्र रेषा मध्यभागी जवळजवळ एक होतात. निळा वाणही निघत असल्याने रंगावर विसंबू नये. खाण्यासाठी तो जगभर पाळला जातो हे खरे, पण बिळे खणणे हा त्याचा स्वभाव आहे. भंडारा-गोंदियाकडे, जेथे धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलाव मातीच्या पाळीवर उभे आहेत, तेथे हा प्राणी पोहोचला तर काय होईल, हे कोणत्याही ढिवराला, म्हणजे तेथल्या मासेमाराला, सांगावे लागणार नाही. युरोपीय संघाने २०१६ मध्ये याला आणि संगमरवरीला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातले.

उरला ऑस्ट्रेलियाचा रेडक्लॉ, चेरॅक्स क्वाड्रिकॅरिनॅटस. नांग्या लांब आणि गुळगुळीत, अंग निळसर हिरवे, डोक्यावर चार उभे कंगोरे, आणि प्रौढ नराच्या नांगीच्या बाहेरच्या कडेला मऊ लाल पट्टा. स्वभावाने तो त्यातल्या त्यात शांत आणि फारसे खणत नाही. तोही निर्दोष नव्हे, सिंगापूर आणि झांबियाच्या पाण्यांत तो पसरला आहेच; पण त्याला नर-मादी दोन्ही लागतात. नराचे जननद्वार पायांच्या पाचव्या जोडीच्या बुडाशी आणि मादीचे तिसऱ्या जोडीच्या बुडाशी असते, नांग्या पहिली जोडी धरून मोजावे. घरच्या टाकीसाठी मी लाल पट्ट्याचा एकच नर सुचवीन.

त्याला नागपूरची हवा मात्र सांभाळावी लागते. पाणी २३ ते ३१ अंशांच्या दरम्यान असावे. गच्चीवरचा टब मे महिन्यात त्याला उकडतो आणि जानेवारीच्या पहाटे गारठवतो, म्हणून टाकी घरातच, उन्हापासून दूर ठेवावी. झाकण घट्ट हवे: कल्ले ओले राहिले की तो पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो, आणि आमचा एकदा नळीवरून चढून रात्रीतून कूलरच्या ट्रेखालच्या ओलीत जाऊन बसला होता. सकाळी टाकीत डोळ्यांच्या खोळीसकट पोकळ ‘मृत’ क्रेफिश दिसला, तर ती कात असते. काढू नये, तो ती खाऊन चुना परत मिळवतो. तांबेयुक्त औषधे त्याला मारतात.

शेततळ्यासाठी मात्र माझे उत्तर महाझिंगा हेच आहे, बीज दरवर्षी विकत घ्यावे लागले तरी. क्रेफिश आधीच घरात असेल आणि नकोसा झाला असेल, तर तो फुटाळ्यात, अंबाझरीत किंवा नाल्यात सोडू नये, आणि टाकीचे पाणी बदलताना ते दाट कापडातून गाळून झाडांना घालावे, कारण पिल्ले सहज नजरेत येत नाहीत.