पापडाचं पीठ की शेअर बाजाराची घंटा?

लिज्जत पापड आणि नायका: दोन्ही उद्योग मुंबईचे, दोन्ही बायकांनी उभे केलेले, पण यशाचा अर्थ अगदी वेगळा.

लिज्जतची सुरुवात १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर झाली. सात बायका आणि ८० रुपये उसने. आज सभासद बहिणींची संख्या ४० हजारांच्या वर आहे. सकाळी केंद्रावरून उडदाचं मळलेलं पीठ न्यायचं, घरी पापड लाटून वाळवायचे, केंद्रावर परत आणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. शिवाय प्रत्येक बहीण मालकीण, त्यामुळे नफ्यातही वाटा. इथे यश म्हणजे स्वतःच्या हातात आलेला पैसा, तोही घरचं सांभाळून. ('घरचं सांभाळून' हे बाईलाच का लागतं, हा प्रश्न मात्र लिज्जतने सोडवलेला नाही.)

फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, गुंतवणूक बँकेतली मोठी नोकरी सोडून नायका ही सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी कंपनी सुरू केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. इथे यशाचं माप बाजारमूल्य. मालकी भागधारकांची, जोखीम मोठी, झेपही मोठी.

ज्यांच्याकडे ना भांडवल, ना ओळखी, त्यांना मला लिज्जतचाच रस्ता खरा वाटतो. पण लाटणाऱ्या हातांच्या पलीकडे जाऊन शेकडो कोटींचे निर्णय बाईने घ्यावेत असं वाटत असेल, तर तिथे लिज्जतचा नमुना पुरत नाही. भांडवल उभं करण्याची कला नायकाकडूनच शिकावी लागते.