किटोवर सप्लिमेंट्स: काही महिन्यांनंतर काय टिकलं, काय बाद झालं

किटो (कार्ब्ज, म्हणजे पिठूळ-गोड पदार्थ, अगदी कमी आणि चरबी जास्त असा आहार) सुरू केलं की ताटातले पदार्थ घटतात आणि फडताळातले डबे वाढतात. मल्टिव्हिटॅमिन, मॅग्नेशियम, एमसीटी तेल (पटकन पचणारी चरबी), किटोन पावडर (चरबी जळताना शरीर जे इंधन बनवतं, तेच डब्यात), सगळं आणून झालं. आज रोजच्या वापरात उरलंय ते मीठ, मॅग्नेशियम आणि बी-12.

सगळ्यात जास्त उपयोग मिठाचा. कार्ब्ज 20-30 ग्रॅमवर आले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं सोडियम लघवीवाटे सोडायला लागतात, सोबत पाणीही जातं. सुरुवातीला भराभर उतरणारं वजन बरंचसं हे पाणीच. डोकं जड, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. यालाच ‘किटो फ्लू’ म्हणतात, आणि यावरच महागड्या पुड्या खपतात. मला कपभर गरम पाण्यात पाव चमचा मीठ आणि लिंबू एवढं पुरतं. ओआरएस मात्र इथे नको. लिटरभराच्या पुडीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे कार्ब्जचा निम्मा कोटा पाण्यातच संपला!

रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे म्हणून मॅग्नेशियम घेतलं. त्यातला ऑक्साइड हा प्रकार स्वस्त, पण अंगी लागतं कमी आणि सकाळी पळवतं जास्त. ग्लायसिनेट हा दुसरा प्रकार सोसला. सोबत भोपळ्याच्या बियाही चालू होत्या, त्यामुळे श्रेय कुणाचं, देव जाणे.

किटोन पावडर म्हणजे निव्वळ पैशांचा चुराडा. रक्तातले किटोन मोजायच्या मीटरवर आकडा चढतो, पण ते किटोन डब्यातले, पोटावरच्या चरबीचे नव्हेत. चव गंजक्या खिळ्याच्या सरबतासारखी. एमसीटी तेलाने पोट ढवळलं, तेही बंद.

मल्टिव्हिटॅमिनचं उत्तर ताटावर आहे. फिट्स येणाऱ्या मुलांना 1920च्या दशकापासून डॉक्टर हाच किटो आहार देतात. तो इतका कडक असतो की जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम वरून द्यावंच लागतं. आपल्या वजनवाल्या किटोत मेथी, पालक, अंडी, बदाम बसतात. नुसतं पनीर आणि चीज खाणार असाल तर गोष्ट वेगळी. मी अंडी क्वचितच खातो, म्हणून बी-12 आणि डी तपासून घेतलं. बी-12 कमी निघालं, गोळी चालू आहे. उसळी सुटल्यावर कोठा जड झाला, त्याला इसबगोल.

टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर पोटॅशियमची पावडर मनाने घेऊ नका, रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. जादा मीठही विचारूनच. आणि शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर सप्लिमेंटचं राहू द्या, किटोच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (किटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याची जिवावरची अवस्था) होऊ शकतो.