३१ इंची टायरसाठी ५.३८ चं क्राउन-पिनियन: खरिपापासून उलंगवाडीपर्यंतचा (कापूस संपेपर्यंतचा) अनुभव

गाडी जुनी महिंद्रा एमएम ५४०. प्युजो डिझेल, चार गिअर, फोर बाय फोर. गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात. हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो: जमीन खोल काळी, कितीही खोदलं तरी मुरूम लागत नाही आणि विहिरीचं पाणी खारं. फवारणीला गोडं पाणी ड्रममध्ये भरून वावरात न्यावं लागतं. पावसाळ्यात पांदणीनं ट्रॅक्टर जातो, बंडी जाते, तिसरं काही पोचेल याचा भरवसा नाही. माझी गाडी याच कामाला आहे. अधूनमधून अंजनगाव-परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाटही चढावा लागतो, कारण बहिणीचं घर तिकडे आहे.

मूळचे ६.०० x १६ चे टायर काढून ३१ x १०.५ चे बसवले. चिखलात फरक लगेच कळला, डिफरन्शियलचा गोळा मधल्या उंचवट्याला घासायचा थांबला. पण गाडी जड झाली. पिकअप गेला असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे टायर मोठा झाला की तोच गिअर लांब होतो, दर फेऱ्याला गाडी जास्त अंतर जाते आणि तेवढा जोर इंजिनाला जास्त लावावा लागतो. यावर उपाय क्राउन-पिनियन बदलण्याचा, म्हणजे डिफरन्शियलमधली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची जोडी, जी शाफ्टचे फेरे कमी करून चाकांना देते. मला हवी तशी जोडी मिळेपर्यंत एक खरीप निघून गेला. त्यामुळे नुसते मोठे टायर, आणि मोठे टायर अधिक बदललेलं क्राउन-पिनियन, हे दोन्ही एकाच मातीत आणि एकाच वजनाला वापरून पाहता आले.

आकडा काढायची पद्धत सांगतो, कारण इथंच बहुतेकांचं अंदाजपंचे चालतं. टायरवर छापलेले ३१ इंच धरू नका. गाडी नेहमीच्या वजनानं भरा, हवा नेहमीची ठेवा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा आणि सिमेंटच्या खळ्यावर चाकाचा एक पूर्ण फेरा गाडी ढकला. माझ्या जुन्या टायरचा फेरा २.२२ मीटर भरला, नव्याचा २.४० मीटर. म्हणजे गिअर ८ टक्के लांब झाले. मग आत्ता कोणती जोडी आहे ते पाहायचं. हँडब्रेक सोडा, गाडी न्यूट्रलला ठेवा, मागचं एक चाक जमिनीवर राहू द्या आणि दुसरं जॅकवर उचला. जमिनीवरच्या चाकांना पुढूनमागून दगड लावायला विसरू नका. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवलं की क्राउनचा एक फेरा होतो. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाकडून डिफरन्शियलकडे येणारा दांडा) किती फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजा. माझा पाचाला थोडा कमी आला. नंतर डिफरन्शियलचं हाउसिंग उघडल्यावर दातही मोजले: क्राउनला ३९, पिनियनला ८. भागाकार ४.८७५, म्हणजेच ४.८८: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे एवढे फेरे.

४.८७५ गुणिले २.४० भागिले २.२२ केलं की ५.२७ येतं. बाजारात ५.२७ नावाची जोडी नसते. पुढची मिळते ती ४३ आणि ८ दातांची, म्हणजे ५.३८. हे दोन आकडे जीपच्या इतिहासात एकमेकांशेजारीच आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलिस एमबीला ४.८८ होतं. १९४५ मध्ये तीच जीप शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए म्हणून आली तेव्हा कंपनीनं ५.३८ घातलं आणि ट्रान्स्फर केसचा (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या शाफ्टना देणारा, हाय आणि लो असे दोन टप्पे असलेला डबा) लो गिअरही १.९७ वरून २.४३ केला. नांगर ओढायचा तर गाडी सावकाश आणि जोरात चालली पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. माझं काम सैन्यापेक्षा त्या शेतकऱ्याच्या कामाच्या जवळचं आहे, म्हणून निर्णयाला वेळ लागला नाही.

हिशेब दोन आकड्यांच्या मध्ये आला तर इकडच्या माणसानं नेहमी वरचा आकडा धरावा, असं माझं ठाम मत आहे. ‘लो तर आहेच, मग कशाला खर्च?’ असं मला अनेकांनी विचारलं. लो गिअर अडकलेली गाडी बाहेर काढायला असतो, दिवसभर त्यात गाडी चालत नाही. दिवस जातो हायच्या, म्हणजे नेहमीच्या टप्प्याच्या, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, तेव्हा क्राउन-पिनियन त्या गिअरवर ठरवायचं. नुसते मोठे टायर होते तेव्हा पांदणीत दुसरा ओढेना आणि पहिल्यात इंजिन ओरडे. दोन्हींच्या मधली जागा मी क्लच घासून भरून काढत होतो. आता प्रत्येक गिअरमध्ये १० टक्के ओढ वाढली आहे. कागदावर १० टक्के किरकोळ वाटतात, पण दुसरा गिअर चालतो की नाही हे त्यावरच ठरतं.

नाल्याचं उदाहरण देतो. आमच्या वावराआधी एक नाला आहे, उतार आणि चढ दोन्ही आखूड आणि उभे. मागे २०० लिटरचे दोन ड्रम भरलेले, म्हणजे ४०० किलो पाणी, आणि ते स्थिर बसत नाही. गाडी चढाला लागली की पाणी मागच्या फळीकडे धावतं, पुढची चाकं हलकी होतात. आधी इथं धावत यावं लागे आणि जोर पुरला नाही तर अर्ध्या चढावर क्लचवर गाडी तोलून धरावी लागे, प्लेटचा वास केबिनमध्ये येई. आता हायच्या पहिल्या गिअरमध्ये पाय क्लचवरून पूर्ण काढून, ॲक्सिलरेटर तेवढाच ठेवून गाडी वर येते. ड्रमची झाकणंही हिंदकळत नाहीत. पोळ्याच्या आसपास मोठी झड लागली तेव्हा लो टाकावाच लागला, पण ते काम लोचंच होतं.

बसवण्याच्या कामात मात्र कसर ठेवू नका. पुढचं आणि मागचं दोन्ही एकाच आकड्याचं हवं. या गाडीत फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. आकडे वेगळे असतील तर ट्रान्स्फर केस नाहीतर शाफ्ट मोडणार. क्राउन आणि पिनियन कारखान्यातून जोडीनं येतात आणि दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो. आमचा मिस्त्री अकोल्याचा, त्याचं पहिलं वाक्य हेच होतं: ‘भाऊ, जोडी फोडलेला माल स्वस्तात भेटला तरी घेऊ नका.’ दातांना रंग लावून, क्राउन हातानं फिरवून त्यानं खूण पाहिली. पहिल्या वेळी ती दाताच्या टोकाकडे सरकलेली होती. पिनियनमागची शिम (पातळ चकती) बदलली, पुन्हा फिरवलं, असं करत खूण दाताच्या मधोमध आणली. मग डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) पाहिला. हे काम करताना घाई करणारा मिस्त्री असेल तर गाडी परत आणा. बेअरिंग आणि सील सगळे नवे घातले. सुरुवातीला थोडं चालवून गाडी पूर्ण थंड होऊ दिली, काही आठवडे वजन ओढलं नाही, आणि ८०० किलोमीटरच्या आसपास ऑइल काढलं तेव्हा त्यात बारीक चमक होती. नवीन दात एकमेकांवर बसताना एवढी येतेच. नाल्यातून जाणाऱ्यांनी हाउसिंगचा ब्रीदर (हवा जायचं तोंड) मोकळा आहे ना तेही पाहावं. गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की पाणी आत ओढतं आणि ऑइल दुधाळ होतं.

मायलेजबद्दल तक्रारी फार ऐकतो. या गाडीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून येते, तेव्हा नुसता टायर मोठा केला की मीटर कमी दाखवतं. माझं खऱ्या १०० किलोमीटरला ९२-९३ दाखवत होतं. तेवढी घट डिझेलच्या नावावर टाकू नका. ५.३८ नंतर मीटर उलट दोनेक टक्के जास्त दाखवतं, म्हणजे जवळजवळ बरोबर. ६० च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये हिशेबानं २२४० आरपीएम येतात. मूळ टायरवर २१९६ होते, नुसत्या मोठ्या टायरवर २०३१.

घाटात चढण सुधारली यात शंका नाही, पण मला जास्त समाधान उतरणीचं आहे. परतवाड्याकडे उतरताना तिसरा गिअर पुन्हा गाडी धरून ठेवतो. एक मात्र लक्षात घ्या: क्राउन-पिनियन बदलून ब्रेक सुधारत नाहीत. इंजिन गाडीला जास्त धरतं एवढंच. मोठं आणि जड चाक थांबवायचं काम त्याच ब्रेक-ड्रमना करावं लागतं, म्हणून लायनर आणि सिलिंडर मी त्याच वेळी नवे केले. ते न करता मोठ्या टायरवर घाट उतरू नये. कायद्याचंही बघून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाजोगे बदल चालत नाहीत आणि जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवताना तपासणी असतेच.

कोणी घेऊ नये? ज्याचं निम्मं चालवणं अमरावती-नागपूर हायवेवर आहे त्यानं. ८० ला इंजिन ३००० च्या जवळ फिरतं आणि चौथ्याच्या वर गिअर नाही. मी ६०-६५ वर चालवतो, तिथं गाडी निवांत असते. पाचवा ओव्हरड्राइव्ह गिअर असलेल्या गाडीला हा त्रास कमी होईल.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ४५ ते ५० च्या दरम्यान ॲक्सिलरेटर सोडला की मागून हलका गुणगुण आवाज येतो, पाय दाबला की बंद. ऑइल स्वच्छ आहे, हाउसिंग तापत नाही. मिस्त्रीचं म्हणणं पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बसवताना दिलेला दाब) थोडा सैल झाला असावा. कापूस संपला आहे, गाडीला आता काम कमी, तेव्हा याच महिन्यात मागचं हाउसिंग उघडून प्रीलोड आणि दातांची खूण दोन्ही पुन्हा तपासून घेणार आहे.