मायग्रेनच्या ‘मूळ कारणा’पायी गेलेले ७४,००० रुपये

हेमिप्लेजिक मायग्रेनचा झटका आला की माझा डावा हात लुळा पडतो, जीभ जड होते आणि पाहणाऱ्याला पक्षाघाताचीच शंका येते. एमआरआयमध्ये काही न आढळल्यामुळे ‘ताण घेऊ नका’ एवढेच ऐकून थकलेल्या मला एका ‘ऑटोइम्यून’ (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या) आजारांच्या ‘तज्ज्ञा’ने चाळीस मिनिटे शांतपणे ऐकून घेतले. मी भुलले कशी, असे विचारणाऱ्यांनी माझी तेव्हाची अवस्था आधी समजून घ्यावी.

तपासण्यांचे ११,५००, कॅप्सूलचे ४८,००० आणि गुण येईना म्हणून वाढवलेल्या महिन्याचे १४,५०० रुपये मी भरले. अहवालात एएनए (आपल्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्तचाचणी) १:८० पॉझिटिव्ह होती. या पातळीला निरोगी माणसांतही शंभरात दहा-पंधरा जणांची ती तशी येते, हे मला कोणी सांगितले नाही. ल्युपस आणि रक्तात गुठळ्या करणारा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या ऑटोइम्यून आजारांच्या रुग्णांना मायग्रेनसारखी डोकेदुखी होते, हे खरे असल्यामुळेच ‘मायग्रेनचे मूळ कारण ऑटोइम्यून आजार’ ही थाप खपली. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या तरी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. एका अहवालावर निदान करणाऱ्याकडून तत्काळ उठून या.

त्या अहवालावर नमुना घेतल्याची तारीख ९ होती आणि माझे रक्त ११ तारखेला काढले होते. सुई टोचल्याचा काळानिळा डाग हातावर ताजा असताना मी त्या तारखेवर बोट ठेवले, ‘छपाईची चूक’ हे उत्तर ऐकले आणि त्याच खुर्चीत बसून ४८,००० रुपये भरले. तो क्षण आठवला की आजही अंगाची आग होते. वर त्यांच्या सांगण्यावरून प्रोप्रॅनोलॉल हे मायग्रेनचे झटके रोखण्यासाठीचे औषध एकाएकी बंद केले. छाती धडधडू लागली आणि झटके आठवड्याला दोन झाले. चालू गोळी आपल्या डॉक्टरांना न विचारता कधीही सोडू नका.

पोलिसांनी हे वैद्यकीय प्रकरण ठरवून मला वैद्यकीय परिषदेकडे धाडले, परिषदेने हा इसम नोंदणीकृत डॉक्टरच नसल्याने आपला अधिकार चालत नाही असे लेखी कळवले, आणि ते पत्र घेऊन पुन्हा पोलिसांकडे गेले तेव्हा ‘पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत’ असे ऐकवून मला परत पाठवण्यात आले. डॉक्टर नसणे हाच ज्याचा गुन्हा, त्याला तेच कारण देऊन मोकळे सोडायचे? नोंदणी क्रमांक पैसे देण्याआधी तपासा, पावतीवर औषधातले घटक लिहून मागा.

उरलेल्या ६२ कॅप्सूल मी पुरावा म्हणून ठेवल्या आहेत. त्यांत स्टेरॉइड आहे का, हे तपासायला अद्याप एकही कार्यालय तयार नाही.